कानबाईचा नारळ आणि क्यूबाची कवडी

जामनेरला जायचं तर पूर्वी पाचोऱ्याहून 'पीजे' होती. १९१९ साली सुरू झालेली ही अरुंद रुळांची गाडी शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटर रमतगमत जायची. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठा रूळ यायचा आहे. तेव्हा जळगावहून एस.टी. धरली. नेरी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली. गाडीत पाहुणे कमी, घरचेच जास्त. सुरतेहून आलेलं एक कुटुंब, नाशिकच्या सातपूरला कारखान्यात असलेला एक तरुण, पुण्याहून रात्रभर जागत आलेले नवरा-बायको आणि त्यांच्या मांडीवर पेंगुळलेलं पोर. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तरी चालवून घेणारी ही माणसं श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी मात्र गाव गाठतात. त्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई ही देवी बसते.

कानबाईला पुजारी लागत नाही. पोथी नाही, मुहूर्त विचारायला जायचं नाही. घरातल्या बायकांना जे येतं तेवढं तिला पुरतं. अलीकडे शहरांतून सार्वजनिक कानबाईही बसते, मंडळ, मांडव आणि डीजेसकट. पण तो निराळा प्रकार झाला. मी ज्या मित्राकडे उतरलो होतो त्यांच्या भाऊबंदांची चार घरं, आणि कानबाई थोरल्या घरी. शनिवारी पोचलो तेव्हा घरात बसायला जागा नव्हती. पडदे, चादरी, उश्यांचे अभ्रे सगळं धुऊन गच्चीवर, भांडी घासून अंगणात पालथी. आणि मधल्या खोलीत मित्राची आई, सगळ्यांची माय, सुपासमोर गहू घेऊन बसलेल्या.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू कसे मोजतात ते तिथे पाहायला मिळालं. मायनी मूठ भरली, सुपात सोडली, वरून थोडे दाणे घातले म्हणजे ती सव्वा झाली, आणि एक नाव घेतलं. पुन्हा मूठ, पुन्हा वरचे दाणे, पुन्हा नाव. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपासून उन्हाळ्यात जन्मलेल्या नातवापर्यंत. परगावी असलेल्यांचीही मूठ पडत होती. माणूस आला नाही तरी त्याचे गहू दळले जातात, त्याचा रोट होतो. आणि हे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला, म्हणजे मलाही, त्यातला तुकडा मिळायचा नाही. पौर्णिमेच्या आत ते संपले पाहिजेत, उरलासुरला चुरा जमिनीत पुरायचा.

"पोरींची मूठ?" मी विचारलं.

"पोरी त्याईच्या घरी," माय म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं. सूप धरून बसलेली दहा-बारा वर्षांची नात काही बोलली नाही. तिनं सूप मात्र जरा जोरात हलवलं.

त्या सुपात एक मूठ फ्लोरिडातल्या पुतण्याची होती, आणि तो स्वतः या वर्षी हजर होता. तिथे तो मायामीला लागून असलेल्या हायलीया गावात राहतो. वस्ती बहुतेक क्यूबातून आलेल्यांची. रात्री ओट्यावर बसल्यावर तो म्हणाला, "काका, आमच्या शेजारी एक बाई वर्षभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत होती. डोकं झाकलेलं. अंधार पडल्यावर बाहेर नाही. पहिले काही महिने आरशात पाहायचं नाही, जेवायचं ते चटईवर बसून. मला वाटलं घरात कुणी गेलं असेल. नंतर कळलं, तिनं देव घेतला होता."

हा सान्तेरियाचा दीक्षाविधी. मानणारे स्वतः या पंथाला 'लुकुमी' किंवा 'रेग्ला दे ओचा' म्हणणं जास्त पसंत करतात. आजच्या नायजेरिया आणि बेनिनमधल्या योरुबा लोकांचे देव गुलामांच्या जहाजांतून क्यूबात उतरले, त्यातून हा घडला. अठराव्या शतकाच्या शेवटी शेजारच्या हैतीत गुलामांनी बंड केलं, तिथली साखर बसली आणि क्यूबानं ती जागा घ्यायला ऊसमळे वाढवले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला योरुबांचं ओयो साम्राज्य मोडलं आणि लढायांत पकडलेली माणसं किनाऱ्यावर विकायला आली. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. गुलामांच्या व्यापाराच्या सगळ्या काळात क्यूबाच्या किनाऱ्यावर सात-आठ लाख आफ्रिकी माणसं उतरवली गेली. तिथली गुलामी कायद्यानं संपली ती १८८६ साली, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन होऊन गेलं तरी ती चालूच होती.

स्पॅनिश मालकांनी सगळ्यांना बाप्तिस्मा दिला. पण शहरांत एकेका टोळीच्या आफ्रिकनांना आपापली मंडळी, 'काबिल्दो', चालवायची मुभा होती. अट एवढीच की ती एखाद्या कॅथलिक संताच्या नावानं असावी. मग संताच्या मागे देव उभा राहिला. वीज आणि ढोलांचा रांगडा राजा चांगो सांता बार्बारामागे गेला, कारण ती लाल वस्त्रातली, हातात तलवार धरलेली आणि विजेशी जोडलेली. मिशीवाल्या देवानं कुमारिकेच्या मूर्तीआड राहायचं हे तिथे कुणाला खटकलं नाही. समुद्राची माय येमाया रेग्लाच्या काळ्या मेरीमागे, गोड्या पाण्याची आणि सोन्याची ओचून कोब्रेच्या मेरीमागे. या दोघींचे सण लागोपाठ, ७ आणि ८ सप्टेंबरला. रोगराईचा देव बाबालू आये हा कुबड्यांवरच्या संत लाझारोमागे. १७ डिसेंबरला हवानाजवळच्या एल रिंकोनला माणसं गुडघ्यांवर रांगत, पायाला दगड बांधून फरफटत जातात. आपल्याकडे देवीला लोटांगण घालत जाणाऱ्यांना त्याचं नवल वाटणार नाही. सगळ्यांच्या वर ओलोदुमारे आहे, जगाचा कर्ता. पण तो लांबचा, रोजच्या तक्रारी त्याच्याकडे नेत नाहीत. ब्रह्मदेवाला तरी आपल्याकडे कोण नवस बोलतं?

देव आणि संत एकत्र नांदायला दरवेळी चाबूकच लागतो असंही नाही. गोव्यात म्हापशाची मिलाग्र सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन रांगेत उभे राहतात. आणि जामनेरात बसून आफ्रिका फार लांबची वाटायचंही कारण नाही. अजिंठ्याचा डोंगर चढून गेलं की संभाजीनगर, पूर्वीचं खडकी. ते १६१० साली वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणूनच विकला गेला होता. तो निजामशाहीचा कारभारी झाला. क्यूबात गेलेल्यांना ऊस तोडायचा होता.

रविवारी सकाळी कानबाई बसली. केळीचे खांब, त्यावर धुतलेलं कोरं कापड, चौरंगावर कलश, आणि कलशावर नारळ. हा नारळ दर वर्षी नवा येत नाही. मायच्या सासूच्या वेळचा, वाळून हलका झालेला, शेंडीसकट जपलेला. वर्षभर तो फडक्यात गुंडाळून देवघरात असतो. थोरल्या सुनेनं त्याला डोळे बसवले, नाक बसवलं, नाकात नथ घातली, कपाळावर कुंकू भरलं, आणि शेवटचा मणी अडकवल्यावर ती आपोआप दोन पावलं मागे सरकली. तोपर्यंत ती त्याला वस्तूसारखी हाताळत होती, खाली-वर करत होती. मागे सरकल्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला. कण्हेरीची फुलं वाहिली, पुरणाच्या दिव्यांनी आरती झाली. ताटात रोट, पुरणपोळी, खीर, कटाची आमटी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी.

नारळावरून पुतण्याला पुन्हा शेजारची बाई आठवली. तिच्या घरात काचेच्या कपाटात चिनीमातीची झाकणवाली मोठी भांडी होती, एकेक निळं, पिवळं, पांढरं. सूप वाढायची वाटावीत अशी. आत प्रत्येक देवाचे दगड असतात. देव म्हणजे ते दगड. समोर भिंतीवरच्या तसबिरी पाहुण्यांसाठी. आणि देवाला काही विचारायचं असलं की नारळ. खोबऱ्याचे चार तुकडे जमिनीवर टाकायचे. पांढरी बाजू वर किती, काळी पाठ वर किती, यावर उत्तर. दोन पांढरे, दोन काळे पडले तर पक्का होकार. चारही काळे पडले तर मामला गंभीर, पुढचं विचारायला जाणकार गाठायचा.

मायनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "नारय फोडून देवाले इचारता? काबरं? अन मंग देव कुठी राहीला?"

पुतण्याजवळ याला उत्तर नव्हतं आणि माझ्याजवळही. मायच्या घरी नारळ हीच देवी. तो फोडणं म्हणजे तिच्यावर घाव. तिकडे नारळ हे देवाचं तोंड. न फोडता तो बोलणार कसा?

रात्री जागरण. जामनेरकडची रोजची बोली तावडी, पण कानबाईची गाणी बायका अहिराणीत म्हणत होत्या; सासरी आलेल्या सुना ती शिदोरीसारखी घेऊन आलेल्या. फुगड्या झाल्या, मोठ्या नणंदेनं दोघींना दमवलं. मध्यरात्रीच्या सुमाराला मागच्या आळीतल्या एक काकू बसल्या जागी डोलू लागल्या. केस सुटले, श्वास मोठा झाला. गाणं थांबलं नाही, उलट लय चढली. कुणी लिंबू आणलं, कुणी पायावर पाणी घातलं, मायनी हळदकुंकू लावून विचारलं, "काय म्हनते माय?" देवीनं फार मोठं काही सांगितलं नाही. धाकट्या घरचे का आले नाहीत, एवढंच तिनं तीन-चारदा विचारलं. विहिरीच्या पाळीवरून त्या घराशी दोन वर्षं बोलणं नव्हतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. देवी निघून गेल्यावर काकूंना चहा दिला, त्यांनी केस बांधले आणि पुढच्या गाण्याला सूर धरला.

हवानात देव अंगात आणायचं काम ढोल करतात. बाटा नावाचे तीन ढोल, दोन्ही तोंडांनी वाजणारे, मांडीवर आडवे घेऊन वाजवायचे. त्यातला सगळ्यात मोठा तो 'इया', आई. प्रत्येक ओरिशाचा, म्हणजे देवाचा, ठेका ठरलेला. ठेका लागला की देव माणसावर स्वार होतो, माणूस त्याचं घोडं. मग तो देव नाचतो, रागावतो, सल्ला देतो, घरातली भांडणं चारचौघांत काढतो. म्हणजे धाकट्या घराची चौकशी तिथेही होतेच.

मी अंगात येण्यावर विश्वास ठेवत नाही. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा यावा लागला, तिथे या गोष्टींकडे केवळ कौतुकानं पाहणं मला जमत नाही. अंगातल्या देवाच्या नावाखाली बायकांना मारहाण झालेली, जमिनी लाटलेल्या, आजारी पोरं दवाखान्याऐवजी भगताच्या ओट्यावर नेलेली आपण ऐकतो. पण त्या रात्री कुणी पैसा मागितला नाही, कुणाला भूत ठरवलं नाही. घरातली जी गोष्ट सून म्हणून काकूंना बोलता आली नसती ती देवी म्हणून बोलता आली. कायदा फसवणुकीवर आणि अघोरी प्रकारांवर बोट ठेवतो, तेवढंच त्यानं करावं.

सान्तेरियातल्या पशुबळीवरून अमेरिकेतही असाच वाद झाला आहे, आणि तोही पुतण्याच्याच हायलीयात. १९८७ला तिथे लुकुमी बाबालू आये नावाच्या चर्चनं जागा घेतली, तेव्हा नगरपालिकेनं घाईघाईनं पशुबळीविरुद्ध ठराव केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जून १९९३मध्ये सगळ्या नऊ न्यायमूर्तींनी ते ठराव रद्द केले. कोंबडी खाण्यासाठी कापली तर चालते आणि देवासमोर कापली की गुन्हा, हे त्यांना पटलं नाही. तिथेही बळीचं मांस बहुतेक वेळा शिजवून वाटलंच जातं. कानबाईचं ताट शाकाहारी आहे, म्हणून कुणी खान्देशी देवी फक्त पुरणावर भागवतात असं समजू नये. आषाढात मरीमायच्या नावानं बोकड पडतात, आणि तेव्हाची पंगत श्रावणातल्या पंगतीपेक्षा मोठी असते.

मायच्या देवघरात टाकांशेजारी तुळजापूरची कवड्यांची माळ होती. मित्राच्या आजी भवानीच्या आराधी होत्या, त्यांची. ती हातात घेतल्यावर मला सान्तेरियातल्या कवड्या आठवल्या. तिथे सोळा कवड्या टाकून देवाची वाचा ऐकतात. पाठ घासून सपाट केलेली, पोटाचं दातेरी तोंड तसंच ठेवलेलं. किती तोंडं वर पडली त्यावरून एकेक कथा, त्या कथेतून सल्ला. या पांढऱ्या कवड्या मुळात हिंदी महासागरातल्या, मुख्यतः मालदीवच्या. त्या भारत-श्रीलंकेच्या बंदरांतून युरोपला आणि तिथून जहाजाच्या तळाशी भरून पश्चिम आफ्रिकेत जात, कारण तिथे ते चलन होतं. युरोपी व्यापारी गुलामांची किंमत त्यांत मोजत. ज्या नाण्यानं माणूस विकला गेला, त्याच्या नातवंडांनी क्यूबात तेच नाणं जमिनीवर टाकून देवाला विचारलं, आता आमचं काय? देवघराच्या खिळ्याला टांगलेली कवडी आपण कधी या नजरेनं पाहत नाही.

दोन्हीकडे नारळ, दोन्हीकडे कवडी, दोन्हीकडे अंगात येणं. पण 'सगळे धर्म सारखेच' असं म्हणायचा मोह मी आवरला. कानबाईला कधी लपावं लागलं नाही. तिच्या भक्तांना साखळदंडातून नेऊन कुणी दुसऱ्या देवाचं नाव घ्यायला लावलं नाही. आणि मुख्य फरक नात्याचा आहे. आफ्रिकेत एकेका कुळाचा, एकेका गावाचा आपला ओरिशा असे. जहाजानं कुळं मोडली. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, मूल तिसऱ्याच्या हिशेबात. म्हणून क्यूबात देव कुळातून मिळेना, तो दीक्षेतून मिळू लागला, एकेकाला अनेक देव. दीक्षा देणारा तो धर्मपिता, देणारी ती धर्ममाता, त्यांच्याकडून देव घेतलेले सगळे भावंडं. रक्ताचे भाऊबंद गेले तेव्हा त्यांनी देवासमोर नवे भाऊबंद केले. म्हणून तो पंथ आज हवानातून मायामी, न्यूयॉर्कपर्यंत कुणालाही आत घेतो. फुकट नव्हे, दीक्षेला हजारो डॉलर पडतात आणि त्यावर पोट भरणारे लबाडही आहेत. पण दार आहे.

कानबाईच्या रोटाला दार नाही. जन्मानं तुम्ही त्या घरचे असलात तर आहात. माझ्यासारखा मित्र चाळीस वर्षं येऊन-जाऊन असला तरी त्यानं रोट खायचा नाही, आणि याची मला मुळीच तक्रार नाही. पाहुण्याला पुरणपोळी पोटभर मिळते. तक्रार आहे ती सुपाबद्दल. घर धुणाऱ्या बायका, दळणाऱ्या बायका, रात्रभर गाणाऱ्या बायका, अंगात येतं तेही बायकांच्या, आणि मुठी मात्र पुरुषांच्या. सान्तेरियाचंही फार वेगळं नाही. बायका तिथे दीक्षा देतात, घरं चालवतात. पण इफा या भविष्यकथनाची गादी बाबालावोची, म्हणजे पुरुष पुजाऱ्याची, आणि अभिमंत्रित बाटा ढोलांना हात लावायचा तो पुरुषानंच.

सोमवारी सकाळी आरती होऊन कानबाई निघाली. थोरल्या सुनेच्या डोक्यावर पाट, पाटावर नारळ, पुढे संबळ आणि त्याला गिळून टाकणारा शेजारच्या मंडळाचा डीजे. वाटेत ठिकठिकाणी फुगड्या. धाकट्या घरासमोर मिरवणूक जरा जास्तच रेंगाळली. दारातून एक बाई तांब्या घेऊन आली, पाटाखाली पाणी घातलं, आणि काही न बोलता चालू लागली बाकीच्यांबरोबर. कांग नदीला बेताचं पाणी होतं. नारळाला पाण्यात बुडवून काढलं, पुन्हा आरती झाली, पाटावर नदीतली मूठभर वाळू घेतली. ती वाळू धान्याच्या कोठीत जाते, नारळ पुन्हा फडक्यात. दुपारी भाऊबंद रोटाला बसले, धाकट्या घरचे दोघेही होते. विहिरीचं मिटलं का ते मी विचारलं नाही. त्या नातीनं मात्र ताट पुढे ओढून आजीला स्पष्ट विचारलं, "माह्या नावाची मूठ पुढच्या साली टाकशीन का?" माय म्हणाल्या, "खाय आधी."

पुढच्या श्रावणात मायनी ती टाकावी, आणि खान्देशातल्या इतर मायांनीही. सव्वा मूठ गव्हानं कोणाच्या कोठीत खड्डा पडत नाही.

तुम्हाला हे पाहायचं असेल तर नागपंचमीनंतरचा पहिला रविवार धरा. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचा, सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा, आणि परतीचं तिकीटही, कारण सोमवारी रात्री जळगावहून सुरत-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत उभं राहायलाही जागा नसते. कुणाच्या घरी गेलात तर रोट मागू नका. पुरणपोळी मागा, नाही म्हणणार नाहीत.